लुइव्हिलच्या बिंगहॅमांची वर्तमानपत्रे

वाटणीची भांडणे आम्हां कोकणच्या तेल्यांना नवी नाहीत. एका घाण्यावरून भावाभावांचे बोलणे तुटल्याचे आपण थोरांकडून ऐकलेच आहे. केंटकीतील बिंगहॅमांचा घाणा मात्र छापखान्याचा होता.

रॉबर्ट बिंगहॅम यांनी दिवंगत पत्नीकडून आलेल्या पैशांतून १९१८ साली 'कुरियर-जर्नल' व 'लुइव्हिल टाइम्स' घेतले. चिरंजीव बॅरी यांनी त्यांना नावलौकिक मिळवून दिला. १९६७ साली वाचकांच्या तक्रारी ऐकण्यास खास माणूस नेमला. अमेरिकेतील वृत्तपत्रांत तो पहिलाच.

परंतु बॅरींचे दोन मुलगे अपघातांत गेले, एक १९६४ साली व दुसरा १९६६ साली. कारभार धाकट्या बॅरीकडे आला. त्याने घरच्या स्त्रियांना संचालक मंडळ सोडण्यास सांगितले. बहीण सॅली हटली नाही, तेव्हा १९८४ साली तिला काढले. तिने आपले शेअर विकावयास काढले. किमतीवर बोलणी फिसकटली. सॅलीला बोल लावणारे पुष्कळ आहेत, पण लेकीला परकी मानल्यावर तिने घराण्याचे नाव का राखावे?

१९८६ च्या जानेवारीत वृद्ध पित्याने सर्वच विकण्याचे ठरविले. मुलाने राजीनामा दिला. गॅनेट कंपनीने दोन्ही पत्रे सुमारे तीस कोटी डॉलरांना घेतली, आणि १९८७ साली 'टाइम्स' बंद केला.