ग्रोट कॉन्स्टॅन्शिया

ग्रोट कॉन्स्टॅन्शिया : दक्षिण आफ्रिकेतील एक इतिहासप्रसिद्ध वसाहतकालीन शेतवाडी व द्राक्षमळा. केपटाऊनच्या दक्षिणेस सु. १५ किमी. वर, कॉन्स्टॅन्शिया खोऱ्यात ती वसली आहे. चुन्याने रंगविलेल्या पांढऱ्याशुभ्र भिंती, गवताने शाकारलेले छप्पर आणि दर्शनी बाजूचे नक्षीदार गेबल यांमुळे येथील वाडा ‘केप डच’ वास्तुशैलीचा एक प्रातिनिधिक नमुना मानला जातो. १६८५ पासून डच कंपनीचे अधिकारी, मुक्त गुलाम स्त्रीची कन्या, शेतकरी घराणे आणि शेवटी शासन अशा भिन्न मालकांच्या हाती ही वाडी गेली. त्यामुळे तिच्या इतिहासात केप वसाहतीच्या इतिहासाचे प्रतिबिंब आढळते.

डच ईस्ट इंडिया कंपनीने पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांना ताजे अन्नपाणी पुरविण्यासाठी १६५२ मध्ये केप येथे ठाणे स्थापन केले. १६७९ मध्ये सायमन व्हान डर स्टेल (१६३९–१७१२) याची तेथील प्रमुख म्हणून नेमणूक झाली. पुढे १६९१ मध्ये त्यास गव्हर्नर हे पद मिळाले. त्याचा जन्म मॉरिशसच्या प्रवासात जहाजावर झाला. त्याची आजी (आईची आई) गोव्याच्या किनाऱ्याची मोनिका या नावाने ओळखली जाणारी मुक्त भारतीय गुलाम स्त्री होती. केपच्या भेटीस आलेला कंपनीचा उच्चायुक्त हेन्ड्रिक व्हान रेडे याने १३ जुलै १६८५ रोजी व्हान डर स्टेल यास ८९१ मॉर्गेन (सु. ७६० हेक्टर) जमीन इनाम दिली. व्हान रेडे हा पूर्वी मलबारचा डच गव्हर्नर होता. तेथील वनस्पतींवरील हॉर्टस मलबारिकस हा बहुखंडी ग्रंथ त्याच्याच प्रेरणेने सिद्ध झाला. १६९१ मध्ये त्याचा मृत्यू झाला व सुरत येथे त्याचे दफन करण्यात आले.

व्हान डर स्टेलने या जमिनीस ‘कॉन्स्टॅन्शिया’ हे नाव दिले. जमिनीची पारख करून त्याने द्राक्षवेली व छायावृक्ष लावले, घर बांधले आणि निवृत्तीनंतर (१६९९) मृत्यूपर्यंत तो तेथेच राहिला. त्याच्या पश्चात जमिनीची ग्रोट (थोरली) कॉन्स्टॅन्शिया, क्लेन (धाकटी) कॉन्स्टॅन्शिया व बर्गफ्लीट अशी तीन भागांत वाटणी होऊन विक्री झाली. वाडा ग्रोट कॉन्स्टॅन्शियात राहिला. हल्ली क्लेन कॉन्स्टॅन्शिया या नावाने ओळखला जाणारा मळा मात्र या वाटणीतील नसून एकोणिसाव्या शतकात ग्रोट कॉन्स्टॅन्शियातून वेगळा झालेला आहे.

ग्रोट कॉन्स्टॅन्शिया १७१६ मध्ये कंपनीचा स्वीडिश कप्तान ओलोफ बर्ख याने विकत घेतली. १७२४ मध्ये तो मरण पावल्यावर त्याची विधवा ॲना दे कोनिंग हिच्याकडे मालकी आली. तिची आई ‘बंगालची अँजेला’ ही व्हान रीबेक या पहिल्या डच प्रमुखाच्या घरी गुलाम होती व १६६६ मध्ये मुक्त झाली होती. गुलाम स्त्रीची मुलगी वसाहतीतील एका नामांकित वाडीची मालकीण व्हावी, ही गोष्ट सतराव्या-अठराव्या शतकांतील केपच्या समाजरचनेवर प्रकाश टाकते. मुक्ती, विवाह व धर्मांतर या मार्गांनी काही थोड्यांना वरच्या थरात प्रवेश मिळे; परंतु त्यामुळे गुलामगिरीची चौकट ढिली झाली नाही. ॲना स्वतःही गुलाम बाळगणाऱ्या मालकवर्गातीलच होती. शेजारच्या क्लेन कॉन्स्टॅन्शियाचा मालक योहानेस कोलेन याची आई मरिया एव्हर्ट्स हीदेखील मुक्त गुलामांची कन्या होती. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात कॉन्स्टॅन्शियाच्या गोड मद्यास यूरोपात जी कीर्ती लाभली, तिचे श्रेय बऱ्याच अंशी कोलेनकडे जाते.

ॲनानंतर कार्ल गेऑर्ग व्हीझर, याकोबस व्हान डर स्पॉय व यान सेरूर्ये हे क्रमाने मालक झाले. या काळात वाडीची निगा कमी झाली. १७७८ मध्ये ती हेन्ड्रिक क्लूटे या सधन शेतकऱ्याने खरेदी केली आणि पुढील एक शतकाहून अधिक काळ ती क्लूटे घराण्याकडे राहिली. त्याने वेलींची नव्याने लागवड केली, वाड्यास आजचे रूप दिले आणि १७९१ मध्ये नवे मद्यकोठार बांधले. कोठाराच्या दर्शनी त्रिकोणिकेवरील गॅनिमीडचे उत्थित शिल्प आंटोन आनराइट या शिल्पकाराचे असून वास्तूच्या आराखड्याचे श्रेय ल्वी मीशेल तीबो या फ्रेंच वास्तुविशारदास देण्यात येते. उत्तम मद्यातील ठराविक वाटा ठरीव दराने कंपनीस देण्याचे बंधन मालकांवर असे. त्यावरून क्लूटे व कंपनी यांच्यात वाद होत. १७९९ मध्ये हेन्ड्रिक मरण पावला. त्यानंतर त्याचाच नामधारी मुलगा, मुलाची विधवा आणि नातू याकोब पीटर यांनी क्रमाने वाडी सांभाळली. सेंट हेलीना बेटावर बंदिवासात असलेल्या नेपोलियनसाठी (१८१५–२१) कॉन्स्टॅन्शियाचे मद्य पाठविले जाई.

या वैभवाचा पाया गुलामांच्या श्रमाचा होता. खुरपणी, छाटणी, द्राक्षतोड, कोठारातील कामे व घरकाम ही सर्व त्यांच्याकडे असत. केपमधील गुलाम मादागास्कर, मोझँबीक, इंडोनेशियातील बेटे, श्रीलंका तसेच भारतातील बंगाल, मलबार व कोरोमंडल किनारा येथून आणले जात. नोंदवहीत त्यांच्या नावापुढे ‘बंगालचा’, ‘मलबारचा’ अशी स्थलवाचक ओळख किंवा ज्या महिन्यात ते विकले गेले त्या महिन्याचे नाव लिहिण्याची पद्धत होती. मालकांच्या पिढ्या खरेदीखतांवरून लावता येतात. वाडी कसणाऱ्यांच्या पिढ्या मात्र मालमत्तेच्या याद्यांतूनच शोधाव्या लागतात. ब्रिटिश अंमलात (१७९५–१८०३ व १८०६ पासून) गुलामांच्या आयातीस १८०८ मध्ये बंदी झाली. १ डिसेंबर १८३४ रोजी गुलामगिरी रद्द झाली; तथापि सक्तीच्या उमेदवारीची चार वर्षे संपून प्रत्यक्ष मुक्तता १ डिसेंबर १८३८ रोजी मिळाली. शासनाने भरपाई दिली ती मालकांना. मुक्त झालेल्यांना काहीही मिळाले नाही. त्यांतील अनेकांना मजूर म्हणून त्याच मळ्यांवर राहावे लागले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्लूटे घराण्याला उतरती कळा लागली. १८५९ च्या सुमारास द्राक्षांवर भुरी रोग पडला. केपच्या मद्यास ब्रिटिश बाजारात मिळणारी जकातीची सवलत १८६१ मध्ये संपुष्टात आल्याने फ्रेंच मद्यापुढे त्याचा टिकाव लागेना. कर्ज वाढत गेले. याकोब पीटर १८७५ मध्ये मरण पावला आणि १८८५ मध्ये केपच्या शासनाने ५,२७५ पौंडांस वाडी विकत घेतली. तेथे आदर्श द्राक्षमळा व प्रशिक्षणकेंद्र चालविण्यात आले. १८८६ मध्ये केपमध्ये फायलोक्झेरा या मुळांवरील किडीचा प्रादुर्भाव झाल्यावर प्रतिकारक्षम अमेरिकन खुंटांवर कलमे बांधण्याच्या कार्यात या मळ्याचा उपयोग झाला.

डिसेंबर १९२५ मध्ये आग लागून वाड्याचे छप्पर व अंतर्भाग भस्मसात झाला. भिंती मात्र टिकून राहिल्या. वास्तुविशारद एफ्. के. केंडल याने वाड्याची पुनर्रचना केली. ॲल्फ्रेड दे पास या कलासंग्राहकाने जुने फर्निचर, चित्रे व चिनी मातीची भांडी दिल्याने तेथे संग्रहालय उभे राहिले. १९३६ मध्ये वास्तूस राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. पुढे गट क्षेत्र कायद्यान्वये (१९५०) कॉन्स्टॅन्शिया खोरे गोऱ्यांसाठी राखून ठेवण्यात आले आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या, गुलामांचे वंशज असलेल्या अनेक मिश्रवर्णीय कुटुंबांना १९६० नंतर तेथून उठविण्यात आले. वाडा जतन झाला. त्याच्या भोवतीची वस्ती मात्र मोडली.

१९९३ मध्ये वाडीची व्यवस्था एका विश्वस्त निधीकडे सोपविण्यात आली. वर्णभेदी राजवटीच्या अस्तानंतर (१९९४) संग्रहालयाच्या मांडणीत मालकांच्या थाटमाटाबरोबर ग्रामीण गुलामगिरीच्या इतिहासासही स्थान देण्यात आले. मालकवंशांच्या व मजूरवंशांच्या इतिहासांची येथे पडलेली सांगड या वास्तूस निव्वळ वास्तुशिल्पापलीकडचे महत्त्व प्राप्त करून देते. भारतीय किनाऱ्यांवरून गेलेल्या माणसांचा धागाही या दोन्ही वंशांत गुंफलेला आहे.