चेनसॉची उसळी : दुसरा माणूस गेला आणि करवतीचे टोक मोकळे झाले

१/
‘चेनसॉचा शोध बाळंतपणासाठी लागला’ हे वाक्य समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असते. ते अर्धेच खरे आहे. या यंत्राच्या इतिहासातला खरा प्रश्न निराळा आहे. ही करवत चालवणाऱ्याच्याच अंगावर का उलटते, आणि त्यावर उपाय निघायला इतकी वर्षे का लागली? #थ्रेड #इतिहास

२/
आधी त्या अर्धसत्याविषयी. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या स्कॉटिश वैद्यांनी दातेरी कडेची बारीक साखळी सुचवली. तिच्या दोन्ही टोकांना मुठी होत्या आणि ती हातांनीच ओढायची असे. अडलेल्या बाळंतपणात कटीचा पुढचा सांधा कापण्यासाठी, तसेच रोगट हाड काढण्यासाठी तिचा उपयोग होता. तिला ना इंजिन होते, ना पाते.

३/
सुमारे १८३० मध्ये बर्नहार्ड हाइने या जर्मन कारागिराने ‘ऑस्टिओटोम’ हे हाड कापण्याचे उपकरण घडवले. त्यात एका पात्याच्या कडेने अखंड साखळी फिरे आणि ती हाताच्या दांड्याने फिरवावी लागे. आजच्या चेनसॉची आकृती इथे प्रथम ओळखू येते. जंगलात पोहोचायला मात्र तिला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

४/
१९२६ मध्ये आंद्रेआस श्टील यांनी जर्मनीतील श्टुटगार्ट येथे विजेवर चालणारी साखळी करवत तयार केली. तिचे वजन ६४ किलो होते. १९२७ मध्ये एमिल लेर्प यांनी थुरिंगियातील डोलमार डोंगरावर आपल्या पेट्रोल करवतीची चाचणी घेतली. पुढे तिच्या कंपनीला त्या डोंगराचेच नाव मिळाले. १९२९ मध्ये श्टील यांचीही पेट्रोल करवत आली. तिचे वजन ४६ किलो होते.

५/
एवढा भार एका माणसाला पेलणारा नव्हता. म्हणून या करवती दोघांनी चालवायच्या असत. एक जण इंजिनाच्या बाजूला उभा राही, तर दुसरा पात्याच्या दूरच्या टोकाला मूठ धरून असे. हाताने ओढायच्या जुन्या करवतीवर जशी जोडी असे, तशीच ही जोडी. दुसरा माणूस तिथे भार पेलण्यासाठी होता. पण त्याच्या मुठीमुळे पात्याचे टोक आपोआप जखडलेले राही, आणि पुढच्या साऱ्या कथेचे मूळ याच गोष्टीत आहे.

६/
दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र झपाट्याने पालटले. हलके मिश्रधातू आले, आणि करवत कशीही वळवली तरी इंजिन बंद पडू न देणारा डायफ्रॅम कार्ब्युरेटर आला. श्टील कंपनीने १९५० मध्ये एकट्याने चालवायची करवत आणली, तिचे वजन १६ किलोंच्या आसपास होते. १९५९ च्या ‘कॉन्ट्रा’ या करवतीत ते सुमारे १२ किलोंवर आले.

७/
साखळीही बदलली. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने १९४६ मध्ये एका बुंध्यात भुंग्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. तिचे जबडे डावी-उजवीकडे चालत लाकडाचे तुकडे काढत होते. त्याच धर्तीवर त्याने आकड्यासारख्या दात्यांची साखळी बनवली आणि १९४७ मध्ये तिचा उद्योग उभारला. आधीची साखळी लाकूड ओरखडत असे, ही त्याचे घास घेऊ लागली.

८/
करवत हलकी झाली, साखळी अधिक धारदार झाली आणि दुसरा माणूस निघून गेला. एकाच्या मजुरीत काम होऊ लागले, म्हणून हा बदल प्रगती म्हणून मिरवला गेला आणि एका अर्थी तो प्रगती होताही. पण आता पात्याचे टोक मोकळे होते. मागचा भारही इतका कमी झाला होता की टोक उसळले तर त्याला दाबून ठेवणारे काही उरले नव्हते.

९/
या उसळीलाच ‘किकबॅक’ म्हणतात. पात्याच्या वरच्या कडेवर साखळी पुढे धावते, टोकाशी वळून खाली येते आणि खालच्या कडेने मागे परतते. टोकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडाला लागला, तर तिथला दाता झेपेल त्याहून मोठा घास घेतो आणि अडकतो. साखळीचा वेग मग पात्यालाच उलट ढकलतो. पाते वर उचलले जाऊन चालवणाऱ्याच्या चेहऱ्याच्या आणि मानेच्या दिशेने येते.

१०/
हे सारे सेकंदाच्या अल्पशा अंशात घडते. धोका मेंदूला उमगून हात हलेपर्यंत पाते येऊन पोहोचलेले असते. म्हणूनच ‘सावध राहा’ हा उपदेश एकटा पुरेसा नव्हता. अपघाताचा दोष कामगाराच्या निष्काळजीपणावर टाकणे सोपे होते. पण ज्या धोक्याला उत्तर द्यायला मानवी शरीर वेळेत पोहोचूच शकत नाही, त्याचे उत्तर यंत्रातच शोधावे लागते.

११/
ते उत्तर १९७० च्या दशकात रूढ होऊ लागले. श्टील कंपनीचा चेन ब्रेक १९७२ मध्ये आला. करवत उसळली की पुढच्या मुठीसमोरचे कवच मनगटावर आपटते आणि साखळी जागीच थांबते. पुढे उसळीच्या झटक्यानेच ब्रेक लागेल, अशी रचनाही आली. जोडीला लहान त्रिज्येच्या टोकाची पाती आणि घास मर्यादित ठेवणाऱ्या साखळ्या आल्या.

१२/
अमेरिकेत उसळीची मर्यादा ठरवणारे मानक १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. लाकूडतोडीच्या कामात नव्याने आणलेल्या चेनसॉला ब्रेक हवाच, असा संघराज्याचा नियम तिथे १९९५ मध्ये लागू झाला. एकट्याने चालवायच्या हलक्या करवती रुळून तोवर चार दशके उलटली होती.

१३/
आज शिकवले जाणारे नियम याच इतिहासातून आले आहेत.
• दोन्ही हातांनी धरणे, डावा अंगठा मुठीखालून वळवणे : उसळी अंगठ्याने अडते, नुसत्या बोटांनी नाही.
• पात्याच्या सरळ रेषेत उभे न राहता किंचित डावीकडे राहणे : पाते उलटलेच, तर त्याच्या वाटेत डोके नसावे.
• खांद्याच्या वर न कापणे : तिथे हातांत जोर उरत नाही.
• टोक कुठे आहे ते सतत पाहणे : मागची लपलेली फांदीही पुरते.
• सुरू करताना आणि चालताना ब्रेक लावलेला ठेवणे.

१४/
कानशीचाही एक नियम आहे. प्रत्येक दात्यापुढे एक छोटा उंचवटा असतो, तो घासाची खोली ठरवतो. ‘जास्त कापेल’ म्हणून तो प्रमाणाबाहेर घासला, तर दाता मोठा घास घेतो आणि उसळीचा धोका वाढतो. बोथट साखळीही तितकीच वाईट, कारण मग माणूस जोर लावू लागतो.

१५/
हे प्रकरण आपल्यापासून दूर नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि रस्ते मोकळे करण्यासाठी चेनसॉ लागल्या. वादळात पडलेले झाड उभ्या झाडाहून फसवे असते. फांद्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, काही धनुष्यासारख्या ताणलेल्या असतात, आणि पात्याचे टोक पलीकडे कशाला लागेल ते दिसत नाही. अशा वेळी शिकलेला हात, शिरस्त्राण, डोळ्यांवरची जाळी आणि साखळीत अडकून तिला थांबवणाऱ्या धाग्यांची विजार हा खर्च अनाठायी नसतो.

१६/
तंत्रज्ञानाच्या इतिहासात किती माणसांचे काम वाचले याची नोंद सहज सापडते. त्या माणसांबरोबर कोणते संरक्षण गेले, याची नोंद मात्र बहुधा अपघात झाल्यावरच होते. चेनसॉच्या पुढच्या मुठीसमोरचे ते प्लॅस्टिकचे कवच ही तशीच उशिरा झालेली नोंद आहे. ते मोडले म्हणून काढून टाकलेली करवत कुणाच्या हातात दिसली, तर त्याला हा इतिहास जरूर सांगावा.

#थ्रेड समाप्त