उरलेले भ्रूण मूलपेशी संशोधनाला द्यावेत का? सही करण्यापूर्वी हे वाचा

आयव्हीएफ उपचारात बरेचदा गरजेपेक्षा जास्त भ्रूण तयार होतात. एक-दोन गर्भाशयात सोडले जातात, बाकीचे गोठवून ठेवतात. मूल झाल्यावर काही वर्षांनी केंद्राकडून विचारणा होते : हे भ्रूण ठेवायचे, नष्ट होऊ द्यायचे की संशोधनासाठी द्यायचे? नागपुरात नंदनवनातल्या माझ्या ओपीडीत जोडपी हा अर्ज घेऊन येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न विज्ञानाचा नसतो. "डॉक्टर, हे पाप तर नाही ना?" असे ते विचारतात.

नेमके काय होते?

पाचव्या दिवसाचा भ्रूण म्हणजे साधारण शंभर ते दोनशे पेशींचा गोळा, टाचणीच्या टोकाहून लहान. त्यात मेंदू, हृदय, मज्जातंतू काहीच तयार झालेले नसते. त्याच्या आतल्या भागातील पेशींपासून शरीरातली कोणतीही पेशी बनू शकते, म्हणून त्यांना भ्रूणीय मूलपेशी म्हणतात. त्या काढताना मात्र भ्रूण संपतो. हे गोड शब्दांत झाकू नये. सगळा वाद याच एका गोष्टीवर उभा आहे.

काहींच्या मते गर्भधारणेच्या क्षणापासून तो माणूसच. इतरांच्या मते, गर्भाशयात न रुजलेला आणि तसाही टाकून दिला जाणारा भ्रूण आजारी माणसाच्या कामी येणे अधिक योग्य. माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे. पण पहिली बाजू मानणाऱ्या जोडप्याला मी कधीही समजावत बसत नाही.

राजकारण कुठून आले?

१९९८ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातून अशा पेशी प्रथम वेगळ्या करून वाढवल्या. ऑगस्ट २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ठरवले की सरकारी पैसा फक्त आधीच तयार असलेल्या पेशींवरच्या संशोधनाला मिळेल. त्या पेशींची यादी निघाली तेव्हा त्यात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या सात आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या तीन पेशीमालिका होत्या. अमेरिकेतला वाद असा थेट आपल्या दारात आला. २००९ मध्ये ओबामांनी ते बंधन उठवले.

आपल्याकडे १९७१ पासून गर्भपाताचा कायदा आहे, त्यामुळे धर्माच्या अंगाने तेवढा गदारोळ झाला नाही. आपली खरी चिंता वेगळी होती आणि आहे : मूल हवे म्हणून हातघाईला आलेल्या बाईच्या नाइलाजाचा कोणी फायदा घेऊ नये, आणि भ्रूण हा विकायचा माल होऊ नये. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेने पुढे 'काइंड-१' आणि 'काइंड-२' या पेशीमालिका तयार केल्या. १९८६ मध्ये केईएम रुग्णालयात हर्षा चावडा जन्मली, त्या कामात याच संस्थेचा वाटा होता.

नियम काय सांगतात?

आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार भ्रूण प्रयोगशाळेत १४ दिवसांपलीकडे वाढवता येत नाही. त्या सुमारास शरीराच्या अक्षाची पहिली रेघ उमटते. त्यानंतर एका भ्रूणाची जुळी होत नाहीत. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे साठवता येतात. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यायचे, किंवा तुमच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचे. भ्रूण विकणे गुन्हा आहे.

संमती जोडप्याची लागते, घरातल्या वडीलधाऱ्यांची नव्हे. सासूबाईंचा सल्ला जरूर घ्या, पण सही तुम्हा दोघांची.

माझा आग्रह एवढाच, की ही सही उपचाराच्या इतर कागदांच्या गठ्ठ्यात करू नका. स्त्रीबीजे काढण्याच्या दिवशी, इंजेक्शनांनी अंग जड झालेले असताना कोणी काय वाचणार? संशोधनाचा अर्ज वेगळा मागा, घरी न्या. भ्रूण नष्ट होणार, पेशी वर्षानुवर्षे वाढवल्या जाणार, त्यातून पुढे औषध निघाले तरी तुम्हाला पैसे मिळणार नाहीत, हे त्यात स्पष्ट लिहिलेले हवे. संशोधन कोण करणार तेही विचारा. नकार दिला म्हणून उपचारात फरक पडता कामा नये. तसे कोणी सुचवले तर तिथे सही करूच नका.

यातून उपचार मिळतात का?

अजून नाही, पण पावले पडत आहेत. भ्रूणीय मूलपेशींपासून बनवलेल्या चेतापेशी पार्किन्सनच्या १२ रुग्णांच्या मेंदूत सोडल्याचा अमेरिका-कॅनडातील अहवाल २०२५ मध्ये आला. ती चाचणी मुख्यतः सुरक्षिततेची होती.

विदर्भात सिकलसेलच्या मुलांचे आईवडील 'स्टेम सेल' ऐकले की आशेने येतात. त्यांच्यासाठीचा मान्य उपचार म्हणजे जुळणाऱ्या भावंडाच्या किंवा दात्याच्या अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण. त्यात भ्रूणाचा काही संबंध नाही. रक्ताच्या अशा काही आजारांसाठीचे प्रत्यारोपण सोडले, तर आयसीएमआरच्या सूचनांनुसार बाकीचे मूलपेशी उपचार केवळ मंजूर चाचणीतच देता येतात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, पाठीच्या कण्याची इजा यांसाठी कोणी लाखोंचे 'पॅकेज' सांगितले, तर भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीतला क्रमांक विचारा आणि तो संकेतस्थळावर स्वतः तपासा. मंजूर चाचणीत प्रायोगिक पेशींचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत.