व्हेंटिलेटर आणि ‘आता पुरे’ म्हणण्याचा हक्क

आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांना डॉक्टर विचारतात, “व्हेंटिलेटर लावायचा का?” रोजचे बिल वाढत असते. नाही म्हणावे तर मन खाते. हा प्रश्न तुमच्या आजोबांच्या वडिलांच्या वेळी कोणालाच पडला नव्हता. तो कुठून आला, ते पाहू.

1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून रुग्ण दगावत होते. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छिद्र पाडून नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास द्यायला सुरुवात केली. वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. अनेक मुले वाचली. पुढच्याच वर्षी तिथे अतिदक्षता विभाग सुरू झाला.

लक्षात घ्या, शरीर सावरेपर्यंत आधार देणे हा या उपचाराचा हेतू होता. पुढे तोच आधार, सावरण्याची आशा नसलेल्या रुग्णांनाही दिला जाऊ लागला. आपल्याकडे हा खर्च अनेक घरांना खिशातून करावा लागतो. दागिने, जमीन विकून केलेल्या खर्चाने कधी कधी फक्त मरण लांबते.

दुसरी वाटही याच काळात तयार झाली. 1967 मध्ये सिसिली साँडर्स यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. वेदना कमी करणे आणि रुग्णाला सोबत देणे हे तिथले मुख्य काम. 1986 मध्ये मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन उभे राहिले.

कायदा मागून आला. केईएममधील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, पण काही अटींवर जीवरक्षक उपचार थांबवण्यास मुभा दिली. 2018 मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क आणि ‘लिव्हिंग विल’ यांना मान्यता मिळाली. 2023 मध्ये प्रक्रिया सोपी झाली: आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत.

म्हणून व्हेंटिलेटरचा प्रश्न आला की डॉक्टरांना उलट विचारा, “यातून रुग्ण बरा होऊन घरी येईल का? नसेल, तर त्रास कमी करायला काय करता येईल?” उपचार थांबले तरी वेदनाशमन आणि सेवा चालूच राहते. आणि तुमची स्वतःची इच्छा? ती धडधाकट असतानाच घरच्यांना सांगून ठेवा. तो निर्णय त्यांना अपराधी वाटत घ्यावा लागणार नाही.