समरूप त्रिकोण आणि भास्कराचार्यांचे त्रैराशिक

भूमितीची चाचणी तोंडावर आली, की दहावीच्या मुलांच्या वहीत एक आकृती हमखास दिसते. एक काटकोन त्रिकोण, आणि त्याच्या काटकोनाच्या टोकापासून कर्णावर, म्हणजे सर्वांत लांब बाजूवर, टाकलेला लंब. या एका रेघेने मोठ्या त्रिकोणाचे दोन लहान त्रिकोण होतात. आणि मौज अशी, की मोठा धरून तिन्ही त्रिकोण समरूप असतात. समरूप म्हणजे चेहरा एकच, अंगकाठी निराळी. बापलेकांसारखे म्हणा ना! बाजू लहानमोठ्या, पण कोन तेच आणि बाजूंचे आपसातले प्रमाणही तेच.

प्रमेय मुलांना पाठ असते. अडते ते पुढे. या त्रिकोणाची कोणती बाजू त्या त्रिकोणाच्या कोणत्या बाजूशी लावायची? इथे गल्लत झाली, की पुढचा सगळा हिशेब कोसळतो. मुंबईच्या उपनगरात, कांजूरमार्गला, चाचणीच्या आदल्या रात्री वही घेऊन बसलेल्या मुलाची जी अडचण, तीच एखाद्या खेड्यातल्या शाळेतल्या मुलीची. या अडचणीतून बाहेर काढणारी एक सोपी वाट साडेआठशे वर्षांपूर्वी भास्कराचार्यांनी दाखवून ठेवली आहे. आज तिची ओळख करून घेऊ.

भास्कराचार्यांचा जन्म शके 1036, म्हणजे इ.स. 1114 मधला. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, 1150 साली, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' हा ग्रंथ रचला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग. लीलावतीत सावलीच्या गणितांचे एक प्रकरण आहे. त्यासाठी लागणारे साहित्य म्हणजे 12 अंगुळे उंचीची एक सरळ काठी. तिला शंकू म्हणत. 24 अंगुळांचा एक हात, म्हणजे शंकू अर्ध्या हाताचा.

त्यातला एक प्रश्न पहा. दिवा जमिनीपासून साडेतीन हात उंच आहे. त्याच्या बुडापासून तीन हातांवर शंकू उभा केला. शंकूची सावली किती पडेल?

शंकूच्या माथ्यावरून दिव्याच्या खांबापर्यंत मनातल्या मनात एक आडवी रेघ काढा. तिच्यावर दिवा किती उरला? साडेतीन वजा अर्धा, म्हणजे तीन हात. रेघेची लांबीही तीन हात. हा झाला वरचा काटकोन त्रिकोण. खाली शंकू, त्याची सावली आणि तोच प्रकाशाचा किरण मिळून दुसरा. दोन्ही एकाच चेहऱ्याचे. आता विचारा: तीन हात उंचीला तीन हात अंतर, तर 12 अंगुळे उंचीला किती? 12 अंगुळे. झाले उत्तर! दिव्याची उंची तशीच न घेता त्यातून शंकूची उंची आधी वजा केली, हे मात्र ध्यानात ठेवा. मुले बहुधा हेच विसरतात.

दुसरा प्रश्न याहून मजेदार आहे. इथे दिव्याजवळ जाताच येत नाही. त्याची उंची ठाऊक नाही आणि अंतरही नाही. शंकू एका जागी उभा केला, तर सावली 8 अंगुळे पडली. मग सावलीच्या दिशेने तो दोन हात, म्हणजे 48 अंगुळे मागे नेला, तर सावली 12 अंगुळे झाली. तर दिवा किती उंच?

दोन सावल्यांच्या टोकांमधले अंतर काढा. 48 मध्ये 12 मिळवा आणि 8 वजा करा, आले 52. सावली वाढली 4 अंगुळे, तेव्हा तिचे टोक दिव्यापासून 52 अंगुळे दूर गेले. 4 ला 52, तर 12 ला किती? 156. म्हणजे दिव्याच्या बुडापासून दुसऱ्या सावलीच्या टोकापर्यंत 156 अंगुळे. तिथे सावली शंकूएवढीच आहे. तेव्हा दिव्याची उंचीही या अंतराएवढी, 156 अंगुळे, म्हणजे साडेसहा हात. कांजूरमार्गच्या पूर्वेला खाडीच्या बाजूने मिठागरांची सपाट जमीन आहे. तिथे चिखलापलीकडच्या एखाद्या दिव्याची उंची काढायची झाली, तर पाय न भिजवता, खांबावर न चढता, एका काठीवर काम भागेल.

आता पुन्हा त्या वहीतल्या आकृतीकडे येऊ. 'बीजगणित' ग्रंथात भास्कराचार्य विचारतात, काटकोनालगतच्या बाजू 15 आणि 20 असतील, तर कर्ण किती? वर्गांची बेरीज करण्याचा नियम आपल्याला पाठ आहे. पण तो खरा कशावरून? भास्कराचार्य काटकोनापासून कर्णावर लंब टाकतात. कर्णाचे दोन तुकडे होतात. मग ते त्रैराशिक मांडतात. मोठ्या त्रिकोणात पूर्ण कर्णाला लहान बाजू 15. छोट्या त्रिकोणात ही 15 चीच बाजू कर्ण होऊन बसते. मग तिला लहान बाजू किती? 225 भागिले कर्ण. हा झाला पहिला तुकडा. त्याच रीतीने दुसरा तुकडा, 400 भागिले कर्ण. दोन्ही तुकडे मिळून पुन्हा पूर्ण कर्ण. म्हणून कर्णाचा वर्ग 625 आणि कर्ण 25. तुकडे 9 आणि 16. कागदावर आकृती काढून ताडून पहा. लंब 12 येतो, आणि 9 गुणिले 16 म्हणजे 144, जो 12 चाच वर्ग आहे. चाचणीत भूमितीमध्याचे प्रमेय म्हणून विचारतात, ते हेच.

या सर्वांतले मर्म काय? एकच बाजू एका त्रिकोणात लहान बाजू असते आणि दुसऱ्यात कर्ण. घरात जो मुलगा, तोच शाळेत विद्यार्थी. म्हणून बाजूचे नाव पाठ करू नये. या त्रिकोणात तिचे काम काय, ते विचारावे. कर्णाला कर्ण, लहानीला लहान, मधलीला मधली. मग राहते ते निव्वळ त्रैराशिक. जसा हा सारा विश्वप्रपंच नारायणाने व्यापला आहे, तसे हे सारे गणित त्रैराशिकाने व्यापले आहे, अशा आशयाचे उद्गार भास्कराचार्यांनी लीलावतीत काढले आहेत. पाच शेरांना इतके, तर सात शेरांना किती, हा हिशेब आठवडेबाजारात कधीही शाळेत न गेलेली आजीसुद्धा तोंडी करी. भूमिती तिच्या ओळखीचीच होती म्हणायची!

शिकवण्याचा प्रकार नीट रुजायचा, तर शाळा हवी. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत, म्हणून त्यांनी खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिले. 1207 सालचा तिथला शिलालेख संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील जुन्या मराठीत. गिऱ्हाइकाकडून पाच पोफळी, म्हणजे सुपाऱ्या, आणि चालत्या घाण्यामागे पळीभर तेल, अशी ती बाजारातली नेमणूक. म्हणजे गणिताच्या शाळेचा खर्च तेल्याने आणि गिऱ्हाइकांनी उचलला. पुढे 1587 साली फैजीने लीलावती फारसीत नेली, 1817 साली कोलब्रुकचे इंग्रजी भाषांतर निघाले, आणि पाटणचा लेख मुंबईच्या डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी 1865 च्या सुमारास उजेडात आणला.

शाळेत आपण शिकतो ती मांडणी मुख्यतः ग्रीक युक्लिडच्या परंपरेची. इ.स.पूर्व 300 च्या सुमारास त्याने समरूपतेची प्रमेये पायरीपायरीने सिद्ध केली. ती शिस्त हवीच. तिच्याशिवाय नियम खरा का, हे कळत नाही. पण तिच्या जोडीला काठी आणि सावलीही हवी.

कांजूरमार्ग हे पवईच्या, 1958 साली स्थापन झालेल्या तंत्रज्ञान संस्थेला जवळचे स्टेशन. स्टेशनालगतच्या वस्तीतली मुले त्या वाटेने जाणारे विद्यार्थी रोज पाहतात. अंतर थोडे, पण भूमितीच्या भीतीने ते फार लांबते. आठवी-नववीतच पुष्कळ मुले गणित आपले नव्हे, असे मनाशी ठरवून टाकतात. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, चाचणीपूर्वी एक तास वर्ग अंगणात न्या. हातभर काठी रोवा, तिची आणि शाळेच्या ध्वजस्तंभाची सावली एकाच वेळी मोजायला लावा, आणि मुलांकडून स्तंभाची उंची काढून घ्या. सूत्र फळ्यावर लिहायचे ते मागाहून.