बालसुरक्षा आसन
बालसुरक्षा आसन (रूढ नाव: चाइल्ड सीट) हे लहान मुलांच्या संरक्षणासाठी मोटारीच्या मूळ आसनावर बसवले जाणारे स्वतंत्र आसन होय. मोटारीचा सुरक्षा पट्टा प्रौढांच्या देहमानानुसार बनवलेला असल्याने तो लहान मुलाच्या मानेवर व पोटावर येतो. मांडीवर घेतलेले मूल तर धडकेच्या वेळी हातांनी रोखून धरता येत नाही.

जोडणी
हे आसन मोटारीच्या पट्ट्याने किंवा 'आयसोफिक्स' या पद्धतीने, म्हणजे मोटारीच्या सांगाड्याला पक्क्या केलेल्या कड्यांना, मागील आसनावर जोडतात. पट्टा ओवला जातो त्या ठिकाणी धरून हलवले असता आसन २.५ सेंटीमीटरपेक्षा अधिक सरकू नये. सैल आसन धडकेत मुलासह पुढे झेपावते. मुलाच्या खांद्यावरील पट्टा चिमटीत पकडता येईल इतका ढिला नसावा. तान्ह्या मुलाची मान नाजूक असल्याने त्याचे आसन मोटारीच्या मागील बाजूस तोंड करून बसवतात. असे आसन चालू एअरबॅगसमोर ठेवल्यास एअरबॅगच्या आघाताने मुलाचा मृत्यू ओढवू शकतो.

कायदा
भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ च्या सुधारणेने समाविष्ट झालेल्या कलम १९४-बी नुसार, १४ वर्षांखालील मुलास सुरक्षा पट्ट्याने अथवा बालसुरक्षा आसनाने सुरक्षित न केल्यास १,००० रुपये दंड होतो.