परभाषी व विशिष्ट श्रोतृवर्गाची रेडिओ केंद्रे : मुंबई उपनगर

एखाद्या भाषिक समूहासाठी, वयोगटासाठी किंवा संगीतप्रकारासाठी चालणारी रेडिओ केंद्रे, तसेच भोवतालच्या बहुसंख्यांच्या भाषेहून वेगळ्या भाषेत बोलणारी केंद्रे. भारतात अशा केंद्रांसाठी परवान्याचा स्वतंत्र वर्ग नाही. वारंवारिता शहरागणिक दिली जाते. भाषेसाठी किंवा विषयासाठी ती राखून ठेवली जात नाही. त्यामुळे ही केंद्रे सरकारी प्रसारणाच्या आडोशाने, सामुदायिक रेडिओच्या सवलतीतून, मोठ्या कंपनीची दुसरी वाहिनी म्हणून किंवा इंटरनेटवर, अशा वेगवेगळ्या वाटांनी उभी राहिली आहेत.

मुंबई उपनगरात या केंद्रांना श्रोत्यांची वाण नाही. घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवलीत गुजराती वस्ती दाट आहे, मुलुंड कॉलनीत सिंधी आहेत, चेंबूरला तमिळ आणि मल्याळी. अंधेरी-मरोळपासून गोराईपर्यंतच्या गावठाणांत ईस्ट इंडियन समाज आपली मराठी बोली बोलतो. एवढे असूनही उपनगरात खासगी एफएम लावले की बहुधा हिंदी चित्रपटगीतच ऐकू येते. त्याचे कारण श्रोत्यांच्या आवडीपेक्षा परवान्याच्या हिशेबात अधिक सापडते.

परवान्याची मूळ चौकट भारतीय तार अधिनियम, १८८५ आणि भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम, १९३३ या कायद्यांनी घातली. तारायंत्राचा एकाधिकार सरकारचा आणि इतरांना तो परवान्याने मिळणार, हे तत्त्व पुढे रेडिओलाही लागू झाले. या तत्त्वाखाली चालणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ही खासगी कंपनी होती. तिच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. प्रक्षेपकाची शक्ती दीड किलोवॉट होती. श्रोत्यांकडून वर्षाला १० रुपये परवानाशुल्क घेतले जाई आणि त्यातला मोठा वाटा कंपनीला मिळे, पण तेवढ्यावर खर्च भागला नाही. १९३० मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले आणि प्रसारण सरकारच्या हाती गेले. श्रोत्याचा परवाना मात्र पुढे कित्येक दशके टिकला. रेडिओ घरात आणला की टपाल कार्यालयात पैसे भरून पुस्तिकेवर तिकिटे लावून घ्यावी लागत. ही पद्धत १९८० च्या दशकात रद्द झाली.

परवान्याविना चाललेली दोन केंद्रे या इतिहासात महत्त्वाची आहेत. छोडो भारत आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत चालवलेले काँग्रेस रेडिओ ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४२ या काळात जागा बदलत बोलत राहिले. ते पकडले गेल्यावर मेहता यांना चार वर्षांची शिक्षा झाली. दुसरे केंद्र परभाषी अर्थाने अधिक नेमके बसते. गोवामुक्तीसाठी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी नोव्हेंबर १९५५ पासून १९६१ पर्यंत सह्याद्रीच्या जंगलातून गुप्त केंद्र चालवले. त्याचे प्रसारण पोर्तुगीज आणि कोकणीत होई. सत्ताधाऱ्यांच्या भाषेतही बोलले पाहिजे, ही त्यामागची व्यावहारिक समज होती.

परवाना प्रक्षेपकाला लागतो, स्टुडिओला नाही, हा मुद्दा मुंबईत सर्वांत ठळकपणे दिसला तो रेडिओ सिलोनमुळे. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरच्या चित्रपटगीतांना कात्री लागली. श्रोते कोलंबोकडे वळले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ अमीन सयानी मुंबईत ध्वनिमुद्रित करत. फिती विमानाने कोलंबोला जात आणि तिथून लघुलहरींवर भारतात परत ऐकू येत. निर्मिती मुंबईची, गाणी मुंबईची, जाहिरातदारही इथलेच, पण केंद्र परदेशी. भारत सरकारच्या परवान्याचा इथे प्रश्नच येत नव्हता. आकाशवाणीला याचे उत्तर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारतीच्या रूपाने द्यावे लागले. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर येथे त्या सेवेवर जाहिरातीही सुरू झाल्या. विविध भारतीचा राष्ट्रीय स्टुडिओ आज बोरिवली पश्चिमेला गोराई रस्त्यावर आहे. आकाशवाणी मुंबईचे मध्यम लहरींचे उच्चशक्ती प्रक्षेपक मालाडच्या मालवणी भागात आहेत. म्हणजे चर्चगेटच्या आकाशवाणी भवनात बोललेला शब्द हवेत जातो तो उपनगरातून.

भाषिक अल्पसंख्याकांची सोयही दीर्घकाळ आकाशवाणीनेच केली. मुंबई केंद्राची अस्मिता वाहिनी मराठी आहे. संवादिता या दुसऱ्या वाहिनीवर हिंदीसोबत गुजराती आणि सिंधीसारख्या भाषांना वेळ मिळत आला. एफएम रेनबोने १०७.१ मेगाहर्ट्झवर इंग्रजी पाश्चात्त्य संगीताचा श्रोता सांभाळला. स्वतंत्र परवाना नसल्याने या भाषांना तासांचा वाटा मिळतो, वाहिनी मिळत नाही. आणि वेळापत्रक बदलले की पहिली गदा अशा तासांवरच येते.

खासगी क्षेत्राचा शिरकाव १५ ऑगस्ट १९९३ रोजी झाला. आकाशवाणीने आपल्या एफएम वाहिनीवरचे तास भाड्याने दिले आणि मुंबईत टाइम्स एफएम व रेडिओ मिड-डे यांची नावे श्रोत्यांच्या तोंडी बसली. ही व्यवस्था १९९८ मध्ये बंद झाली. मधल्या काळात, ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉलच्या खटल्यात रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे होते. प्रसारणावरचा सरकारी एकाधिकार तत्त्वतः मोडला. प्रत्यक्षात सार्वजनिक मालमत्ता वाटण्याचा मार्ग म्हणून लिलाव निवडला गेला.

खासगी एफएमच्या लिलावाच्या पहिल्या टप्प्यातील परवाने दहा वर्षांचे होते. मुंबईसाठी पहिल्या वर्षाचे शुल्क ९.७५ कोटी रुपयांवर गेले आणि त्यात दरवर्षी १५ टक्के वाढ ठरलेली होती. या दराने दहाव्या वर्षीचे शुल्क पहिल्याच्या साडेतीन पट होते, मग जाहिराती वाढोत वा न वाढोत. २००२ मध्ये मुंबईत रेडिओ मिर्ची, रेडिओ सिटी, रेड एफएम, विन ९४.६ आणि गो ९२.५ ही केंद्रे सुरू झाली. त्यांतले मिड-डे समूहाचे गो हे इंग्रजी श्रोत्यांचे केंद्र. पश्चिम उपनगरात वांद्र्यापासून अंधेरीपर्यंत असा श्रोता होता, त्याच्यापर्यंत पोहोचू पाहणारा जाहिरातदारही होता, पण परवानाशुल्क मात्र हिंदी केंद्राएवढेच. वर्षे सरत गेली तशी हिंदी गाणी शिरली आणि पुढे केंद्राचे नावही रेडिओ वन झाले. विन तर टिकलेच नाही.

अमित मित्रा समितीच्या शिफारशींनंतर जुलै २००५ च्या दुसऱ्या टप्प्याच्या धोरणाने वाढत्या शुल्काऐवजी एकरकमी प्रवेशशुल्क आणि उत्पन्नाच्या ४ टक्के वाटा अशी पद्धत आणली. भार हलका होताच प्रयोगाला जागा मिळाली. २००७ मध्ये आलेल्या मियाँव १०४.८ ने स्त्रियांसाठी गप्पांचे केंद्र ही कल्पना मुंबईत चालवून पाहिली. काही वर्षांत ते ओये आणि नंतर इश्क झाले. स्त्रियांच्या प्रश्नांवर दिवसभर बोलणे गाणी वाजवण्याहून महाग पडते, कारण त्याला संशोधन, निर्माते आणि बोलणारी माणसे लागतात. खासगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नसल्यामुळे बोलण्याच्या रेडिओचा निम्मा आधार आधीच काढून घेतलेला होता. जुलै २०११ च्या तिसऱ्या टप्प्याने आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकवण्याची परवानगी दिली, त्यापलीकडे नाही.

तिसऱ्या टप्प्यातील खरा बदल वेगळाच होता. एका कंपनीला एकाच शहरात एकाहून अधिक वाहिन्या ठेवता येऊ लागल्या. अट एवढीच की त्या शहरातील एकूण वाहिन्यांच्या ४० टक्क्यांहून अधिक नसाव्यात आणि किमान तीन वेगळे चालक असावेत. पहिली वाहिनी सर्वांसाठी ठेवून दुसरी निवडक श्रोत्यांना देणे त्यामुळे परवडू लागले. फीव्हर चालवणाऱ्या एचटी मीडियाने २०१६ मध्ये ९१.९ वर जुन्या हिंदी गाण्यांचे रेडिओ नशा काढले ते याच सोयीमुळे. तरी २०१५ च्या ई-लिलावात मुंबईच्या एका वारंवारितेची किंमत १२२ कोटींच्या घरात गेली होती. एवढी रक्कम पंधरा वर्षांत वसूल करायची म्हटल्यावर ‘निवडक’ म्हणजे नव्वदीच्या आधीची हिंदी गाणी, इतपतच धाडस होते. गुजराती किंवा कोकणी वाहिनीचा हिशेब त्यात बसत नाही. खुद्द मराठीलाही मुंबईच्या खासगी एफएमवर दुय्यम जागा आहे, आणि राज्याच्या राजधानीत राज्यभाषेची ही अवस्था चमत्कारिकच म्हटली पाहिजे.

परवान्याच्या अटींत केंद्राचे स्वरूप लिहून घेणे हा दुसरा मार्ग असू शकतो. ब्रिटनमध्ये स्थानिक परवान्याबरोबर केंद्राचा बाज ठरत असे. लंडनचे सनराइज रेडिओ १९८९ मध्ये दक्षिण आशियाई श्रोत्यांसाठी म्हणूनच परवाना घेऊन सुरू झाले. अमेरिकेत उलट धोरण आहे. तिथे बाज बाजारावर सोडला जातो आणि १९८१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही ते धोरण उचलून धरले. भारतातील लिलाव अमेरिकी वळणाचा आहे, मात्र तिथल्याइतक्या वारंवारिता इथे एका शहराला मिळत नाहीत.

लिलाव टाळून परवाना मिळतो तो सामुदायिक रेडिओला. २००२ च्या धोरणात तो केवळ शिक्षणसंस्थांना होता. नोव्हेंबर २००६ पासून स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रेही पात्र ठरली. माहिती व प्रसारण मंत्रालयाचे इरादापत्र, मग दूरसंचार खात्याकडून वारंवारिता, मनोऱ्याच्या जागेला स्वतंत्र मंजुरी आणि शेवटी परवानगीचा करारनामा असा हा प्रवास आहे. किमान ५० टक्के कार्यक्रम स्थानिक सहभागातून व्हावेत आणि स्थानिक भाषा-बोलींना प्राधान्य मिळावे, ही अपेक्षा धोरणात स्पष्ट लिहिलेली आहे. परभाषी समूहांना कायद्यात सर्वांत मोकळे दार इथेच आहे. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी करारनाम्याची मुदत दहा वर्षे केली आणि तासाला बारा मिनिटे जाहिरातींना मुभा दिली.

उपनगरात अडचण येते ती तांत्रिक. सामुदायिक केंद्राची विकिरित शक्ती साधारण १०० वॉट आणि अँटेनाची उंची ३० मीटरपर्यंत असते. महानगरातील व्यावसायिक केंद्राला २५ ते ५० किलोवॉट मिळतात. ३० मीटर म्हणजे दहा मजले. घाटकोपर किंवा मुलुंडला पुनर्विकासातले मनोरे याच्या दुप्पट उंचीचे आहेत आणि एफएम लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मोकळ्या माळावर पाच-दहा किलोमीटर पोहोचणारे केंद्र इथे दोन रस्ते ओलांडून सोसायटीच्या मागच्या बाजूला खरखरू लागते. विमानतळाच्या आसपास मनोऱ्याच्या उंचीवर निर्बंध येतात ते वेगळेच. मुंबई विद्यापीठाचे कालिना येथील १०७.८ मेगाहर्ट्झचे केंद्र या भागातील ठळक उदाहरण आहे. शिक्षणसंस्थेला जागा, स्टुडिओ आणि विद्यार्थी आयते मिळतात; एखाद्या भाषिक मंडळाला उपनगरातल्या भाड्यापासून सुरुवात करावी लागते.

उपग्रहावरून चालणाऱ्या वर्ल्डस्पेस सेवेने एकेकाळी या सगळ्याला बगल दिली होती. वर्गणी भरून खास संच घेतला की हिंदुस्थानी संगीताची गांधर्व, कर्नाटक संगीताची श्रुती, गझलांची फलक अशा वाहिन्या मिळत. कंपनी दिवाळखोरीत गेली आणि भारतातील सेवा डिसेंबर २००९ अखेर थांबली.

इंटरनेट रेडिओला एफएमसारखा प्रसारणाचा परवाना लागत नाही. गाण्यांचे हक्क मात्र घ्यावे लागतात, आणि एफएमची बाजू इथे बळकट आहे. ऑगस्ट २०१० मध्ये कॉपीराइट मंडळाने एफएम केंद्रांसाठी स्वामित्वशुल्क निव्वळ जाहिरात-उत्पन्नाच्या २ टक्के ठरवले. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३१ड अन्वये वैधानिक परवान्याची सोय झाली. एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने टिप्स विरुद्ध विंक या प्रकरणात हे कलम इंटरनेटवरील सेवांना लागू नसल्याचा निर्णय दिला. वेब रेडिओला त्यामुळे प्रत्येक हक्कधारकाशी किंवा त्यांच्या संस्थांशी वेगळा व्यवहार करावा लागतो. भजने, ओव्या, मुलाखती, बोलीतील गप्पा असा स्वनिर्मित मजकूर असलेल्या केंद्रांना ही अडचण कमी भासते.

१८८५ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये दूरसंचार अधिनियम संमत केला आहे. तिसऱ्या टप्प्यात पंधरा वर्षांसाठी नूतनीकरण झालेल्या मुंबईतील जुन्या एफएम केंद्रांची मुदत मार्च २०३० मध्ये संपते.